पांढरा खडू आणि पार्षदांची कमान

‘क्लीन चिट’ नावाची वस्तू कायद्याच्या एकाही पुस्तकात नाही. सत्तावीस वर्षं मी रायपूरच्या दिवाणी कोर्टात काळा कोट घालून घाम गाळतो आहे. हुकूम पाहिले, डिक्र्या पाहिल्या, जप्तीची वॉरंटं पाहिली, एकदा तर रीडरच्या, म्हणजे कोर्टाच्या कारकुनाच्या, खुर्चीवर माकड बसून फाइल चाळताना पाहिलं. पण चिट कधी पाहिली नाही. क्लीन तर नाहीच नाही. तरी टीव्हीवर रोज संध्याकाळी कोणाला ना कोणाला ती मिळते. ज्या खटल्याची कागदपत्रं वाचायला मला तीन रविवार लागतात, तो खटला तिथली मुलगी आठ मिनिटांत निकाली काढते, आणि त्यातली तीन मिनिटं पानमसाल्याच्या जाहिरातीत जातात.

मी अशा वेळी टीव्हीवर ओरडतो. पुराव्याचा कायदा, अधिकारक्षेत्र, आरोपी आणि दोषी यांतला फरक हे सगळं मी त्या मुलीला मोठ्यांदा समजावून सांगतो.

“अहो, तुम्ही त्या टीव्हीवर काहून ओरडून राहिले?” मीनल, म्हणजे माझी बायको, आतून म्हणते. “त्याले ऐकू येते का?”

“पापा, कमेंट में लिख दो ना,” श्रावणी म्हणते. ही आमची मुलगी. आम्ही तिच्याशी मराठीत बोलतो, ती आमच्याशी हिंदीत बोलते, आणि दोन्ही पक्षांना आपणच जिंकलो असं वाटतं.

कमेंटमध्ये मी लिहून पाहिलं. दोनशे शब्दांच्या मुद्देसूद विवेचनाला कोणीतरी एक हसणारं तोंड पाठवलं. आमच्या मोहल्ल्यातल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, तर शेजारच्या नीलकंठरावांनी, जे वीज मंडळातून रिटायर झाले आणि तेव्हापासून त्या ग्रुपचे ॲडमिन आहेत, मला चोवीस तासांसाठी गप्प केलं. ग्रुपचा नियम आहे म्हणे, राजकारण नको. त्याच दिवशी त्यांनी स्वतः मधुमेहावर कडू भोपळ्याचा उतारा टाकला होता, तो चालला. असो. माणसाचा अपमान झाला की तो जागा शोधतो, आणि मला ती जागा फळ्यावर सापडली. तिथेच सगळा घोळ झाला.

पण आधी कमान.

आमची गल्ली तात्यापाऱ्यात आहे. तिचं एक टोक मोठ्या रस्त्याला लागतं आणि दुसरं पार्षद, म्हणजे नगरसेवक, भैय्यालालजींच्या फाटकाशी जाऊन संपतं. म्हणजे आत यायला, बाहेर जायला तोंड एकच. त्या तोंडावर भैय्यालालजींनी गेल्या वर्षी एक लोखंडी स्वागतद्वार उभं केलं. नागरिकांचं हार्दिक अभिनंदन करण्यासाठी. कशाबद्दल, ते लिहिलेलं नाही. कमान तशी अकरा फूट उंच होती, पण तिच्या पोटाला त्यांच्या फोटोची जाड लोखंडी चौकट वेल्डिंग करून टांगलेली. हात जोडलेले, दात दिसणारे भैय्यालालजी थेट साडेसात फुटांपर्यंत खाली उतरले होते. त्यांची स्वतःची गाडी आरामात जायची. ॲम्ब्युलन्स जायची नाही.

आणि ॲम्ब्युलन्स लागते गल्लीतल्या लताकाकूंना. दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांचं डायलिसिस असतं. परत येताना त्यांचं ब्लडप्रेशर इतकं उतरतं की त्यांना फार वेळ बसवत नाही. ऑटो, रिक्षा, काही चालत नाही. हॉस्पिटलची गाडी एकच, आणि ती उंच. म्हणून कमानीपासून घरापर्यंत एकशे ऐंशी पावलं आम्ही त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीतून उचलून आणायचो. पुढे नीलकंठराव, मागे मी. काकू खुर्चीचे हात घट्ट धरून वर कमानीकडे पाहायच्या, फोटोतले भैय्यालालजी त्यांना हात जोडायचे, आणि काकू सबंध वाटभर आमचीच माफी मागायच्या. “तुमाले मी किती तरास देऊन राहिली रे बापूहो.” मला हे ऐकवत नसे. खरं सांगतो, राग यायचा, आणि तो पाठीच्या दुखण्यापेक्षा जास्त टिकायचा.

नरहरीकाका, म्हणजे काकूंचे यजमान, आधी पार्षदांकडे गेले होते. काका रेल्वेत गार्ड होते, वय आता एकोणऐंशी. त्यांनी टेपने मोजमाप नेलं होतं. “आमच्या रेल्वेत फाटकापाशी हाईट गेज राहते. गाडी निघते का नाही, ते आधी मोजतात, मग लोखंड लावतात,” त्यांनी सांगितलं. भैय्यालालजींनी चहा पाजला आणि ‘देखते हैं’ म्हणाले. मग काका वादी झाले, मी त्यांचा वकील झालो, आणि आम्ही कमान हटवण्यासाठी दावा लावला.

चौदा पेश्या झाल्या. पेशी म्हणजे तारीख, आणि तारीख म्हणजे पुढची तारीख. कधी प्रतिवादी आजारी, कधी त्यांचा वकील लग्नाला, कधी संप, एकदा तर फाइलच दुसऱ्या खोलीत गेली आणि ती खोली रंगवायला काढलेली. चौदाव्या पेशीला, एका शुक्रवारी, जजसाहेबांनी हुकूम केला: पुढच्या तारखेपर्यंत दोन्ही पक्षांनी परिस्थिती जैसे थे ठेवावी. म्हणजे कमान आहे तशी, काकू आहेत तशा, माझी पाठ आहे तशी.

हा हुकूम घेऊन मी घरी आलो आणि टीव्ही लावला. स्थानिक चॅनेलवर पायल नावाची वार्ताहर कमानीखाली उभी राहून ओरडत होती, “पार्षद को कोर्ट से बड़ी राहत! भैय्यालाल को क्लीन चिट!” मागे फटाके फुटत होते. भैय्यालालजी पेढा खात होते. तो पेढा त्यांनी, मी शपथेवर सांगतो, खिडकीत बसलेल्या लताकाकूंनाही पाठवला.

शनिवारी भैय्यालालजी सहकुटुंब अमरकंटकला देवदर्शनाला गेले. रविवारी संध्याकाळी मी खडू हातात घेतला.

आता फळ्याविषयी सांगायला हवं. गल्लीच्या तोंडाशी आमच्या ‘तात्यापारा मराठी भगिनी-बंधू मंडळा’ची इमारत आहे. तिच्या बाहेरच्या भिंतीवर काळा फळा आहे, आणि तो तेवीस वर्षांपासून नरहरीकाकांच्या ताब्यात आहे. कोजागरी, हळदीकुंकू, कोणाच्या नातवाची मुंज हे पिवळ्या खडूने. आणि मंडळातलं किंवा पाऱ्यातलं, म्हणजे मोहल्ल्यातलं, कोणी गेलं की पांढऱ्या खडूने: वर नाव, वय, राहण्याचं ठिकाण, खाली अंत्ययात्रेची वेळ, आणि भोवती पट्टी लावून ओढलेली दुहेरी चौकट. तेवीस वर्षांत ही चौकट एकदाही चुकलेली नाही. हॉस्पिटलचा दाखला यायच्या आधी लोक फळा बघायला येतात. स्कूटरवरून जाणारा माणूससुद्धा मान वळवून पाहतो, आणि चौकट नसली की त्याचा दिवस बरा जातो.

मी लिहायला गेलो तेव्हा फळा रिकामा होता आणि पिवळा खडू संपला होता. हे मी ठासून सांगतो: पिवळा संपला होता. म्हणून मी पांढरा घेतला. आणि वकिलाला एक खोड असते. कोणाचंही नाव लिहिलं की त्याचं वय, धंदा आणि पत्ता लिहिल्याशिवाय त्याचा हात पुढे सरकत नाही. मी मीनलच्या भावाला लग्नाची पत्रिका पाठवली होती तेव्हाही पाकिटावर ‘वय ३४, धंदा नोकरी’ लिहिलं होतं. तर मी ठळक अक्षरांत लिहिलं:

‘श्री. भैय्यालालजी, वय वर्षे ६१, धंदा पार्षद, रा. तात्यापारा, रायपूर.’

आणि त्याखाली बारीक अक्षरांत सतरा ओळी. यांना न्यायालयाने क्लीन चिट दिल्याचे जे वृत्त प्रसृत झाले आहे ते निराधार असून, जैसे थे आदेश म्हणजे काय, तो निकाल का नव्हे, प्रसारमाध्यमांची जबाबदारी काय, अशा सतरा ओळी. संयत भाषा, एक अपशब्द नाही. दोन ठिकाणी तर मी अर्धविराम दिला होता. मागे सरून पाहिलं आणि फार वर्षांनी मला स्वतःविषयी बरं वाटलं.

चौकट मी काढली नव्हती.

सोमवारी सकाळी सहा वाजता आम्ही काकूंना खुर्चीतून गाडीपर्यंत नेलं. एरवी काका सोबत जातात. त्या दिवशी म्हणाले, “निरंजन, आज तू जाय तिच्यासंगं. मले जरा काम आहे.” मी गेलो. काकूंना मशीनला लावलं, बाहेर बाकावर बसलो आणि आठच्या सुमारास फोन वाजला.

“सर, मैं पायल. वो बोर्ड आपने लिखा है?”

मला आनंद झाला. शेवटी कोणीतरी वाचलं होतं, आणि तेही नेमक्या त्या चॅनेलने.

“मैंने ही लिखा है,” मी म्हणालो.

“तो सर, खबर पक्की है?”

“शंभर टक्के पक्की! एकेक शब्द मी जबाबदारीने लिहिला आहे. एकही मागे घेणार नाही. तुम्हाला दाखवायचं असेल तर दाखवा हिंमत असेल तर!”

तिचा आवाज एकदम उतरला. मला वाटलं, ओशाळली. ती म्हणाली, “बहुत दुख हुआ सर,” आणि फोन ठेवला. मला तिचं कौतुक वाटलं. एका वार्ताहराला पश्चात्ताप होतो आहे, हे दृश्य या देशात कितीजणांना पाहायला मिळतं? मी कॅन्टीनमध्ये जाऊन पोह्यांची एक जास्तीची प्लेट खाल्ली. हॉस्पिटलात मोबाईल बंद ठेवा अशी पाटी होती. कायदा पाळणारा माणूस असल्यामुळे मी बंद केला. पुढच्या पाच तासांत रायपूरमध्ये काय काय झालं ते मला कळायला कुठलाच मार्ग उरला नाही.

एक वाजता आम्ही निघालो. काकू स्ट्रेचरवर डोळे मिटून, मी बाजूला सलाइनची बाटली धरून. गाडी तात्यापाऱ्यात शिरली आणि बाहेरून आवाज आला, “भैयाजी अमर रहें!” मी खिडकीतून पाहिलं. दोन्ही बाजूंनी माणसं, पांढरे कपडे, कोणी रडतंय, कोणी मोबाईलवर शूटिंग करतंय. आमचा ड्रायव्हर घाबरून हळू झाला, तर पुढची गर्दी हात जोडून बाजूला सरली. गाडीच्या टपावर काहीतरी पडू लागलं. झेंडूच्या पाकळ्या होत्या.

“काय झालं रे?” काकूंनी विचारलं.

“काही नाही काकू, कोणी तरी गेलं वाटते.”

मी थांबायला सांगणार, कारण कमान आली होती. पण गाडी थांबलीच नाही. ती गल्लीत शिरली, सरळ, आणि मला कळेना की आपण कुठे आलो. वर पाहिलं तर आकाश होतं. कमान नव्हती. एकशे ऐंशी पावलं चाकांवरून गेली आणि गाडी काकूंच्या दारात उभी राहिली.

मागून सगळा जमाव धावत आला. दोन धिप्पाड कार्यकर्त्यांनी हुंदके देत मागचं दार उघडलं, कोणीतरी आत हार फेकला, आणि आतून लताकाकू उठून बसल्या. हार त्यांच्या पायांवर पडला होता. केसांत पाकळ्या.

“माय वं,” त्या म्हणाल्या, “इतकं कायले? डायलिसिस तर झालं.”

घोषणा थांबल्या. तेवढ्यात मागून एका मोठ्या गाडीचा हॉर्न वाजला आणि तिच्यातून भैय्यालालजी उतरले. जिवंत. कपाळाला अमरकंटकचं गंध, हातात प्रसादाची पिशवी.

झालं होतं ते असं. नीलकंठरावांनी मला ते नंतर पंचनाम्यासारखं क्रमवार सांगितलं. सकाळी सातला एका दूधवाल्याने फळा पाहिला. पांढरा खडू, मोठं नाव, वय एकसष्ट, राहणार तात्यापारा, भोवती दुहेरी चौकट. त्याने चहाच्या टपरीवर सांगितलं. खालच्या सतरा ओळी कोणी वाचल्या नाहीत. मी नीलकंठरावांना विचारलं, तुम्ही मराठी माणूस, तुम्ही तरी वाचायच्या! तर म्हणाले, “मी पाहिल्या ना. इतकं लांब लिहिलं म्हणजे सविस्तर श्रद्धांजली असन असं वाटलं. तुमचं अक्षर तसं वकिली, लागत नाही.” भैय्यालालजींचा फोन जंगलात लागेना. साडेआठला पायलने बातमी दिली: पार्षद भैय्यालाल नहीं रहे, वरिष्ठ अधिवक्ता ने की पुष्टि. सत्तावीस वर्षांत मला पहिल्यांदा कोणी वरिष्ठ म्हटलं, ते असं. नऊ वाजता दुसऱ्या चॅनेलने कारण दिलं, हृदयविकार. साडेनऊला तिसऱ्याने पार्थिव एकपर्यंत येईल अशी वेळही दिली. ही वेळ कुठून आली ते आजतागायत कळलेलं नाही.

कार्यकर्त्यांनी फुलांनी सजवलेला अंत्ययात्रेचा ट्रक आणला, पार्षदांच्या दारात उभा करायला. तो कमानीखाली अडला. भैय्यालालजींचा फोटो ट्रकच्या छत्रीला लागला. एकजण म्हणाला, फोटोची चौकट कापा. बाकीचे त्याच्यावर धावून गेले: आज भैयाजींच्या फोटोला हात लावशील? फोटोला धक्का लागता कामा नये, भले कमान गेली तरी चालेल. मग शहराबाहेरच्या सिलतऱ्याहून तोच वेल्डर बोलावला ज्याने कमान उभी केली होती. त्याने दोन्ही खांब बुडातून कापले, आणि कमान फोटोसकट, अगदी अलगद, भिंतीशी टेकवून ठेवली. फोटोला हार घातला. याला चाळीस मिनिटं लागली. मला चौदा पेश्या लागल्या होत्या, आणि मी हलवूही शकलो नव्हतो.

काकूंना घरात नेल्यावर आम्ही सगळे गल्लीच्या तोंडाशी आलो, आणि भैय्यालालजींनी आपला हार घातलेला फोटो पाहिला. मग वेल्डरवर ओरडले, “किसने कटवाया?”

“ओमन कहिन काट दे, त मैं काट देंव,” तो छत्तीसगढीत म्हणाला, आणि बोट रडणाऱ्या कार्यकर्त्यांकडे केलं. कार्यकर्त्यांनी बोट पायलकडे केलं. पायलने माझ्याकडे केलं. मी फळ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मला ती चौकट दिसली.

“ही मी काढली नाही,” मी म्हणालो.

“वय कोणी लिहिलं?” नीलकंठरावांनी विचारलं. शेजारी कशाला असतात ते अशा वेळी कळतं.

ठाण्यात तर माझ्या व्यवसायाचीच विटंबना झाली. ठाणेदारांनी फळ्याचा फोटो पाहिला आणि म्हणाले, “वकील साहब, जिंदा आदमी को मरा बताया, इसमें धारा कौन सी लगेगी?” म्हणजे आरोपीलाच कलम विचारलं. मी संतापलो, पण चुकीचं कलम लागलेलं मला सहन होत नाही. म्हणून सांगितलं की अब्रुनुकसानीचं कलम पूर्वी पाचशे होतं, आता तीनशे छप्पन झालं. पण ते अदखलपात्र आहे, तुम्ही गुन्हा नोंदवू शकत नाही, यांना थेट कोर्टात तक्रार करावी लागेल. ठाण्याचे लेखनिक मुंशीजी तक्रारअर्ज लिहू लागले. तीन ओळींत पाच चुका. तारखा उलट्या, तक्रारदाराच्या नावाआधी ‘स्वर्गीय’. मला बघवेना. मी कागद ओढून घेतला आणि माझ्याविरुद्धची तक्रार मीच लिहून काढली. चांगली झाली. भैय्यालालजींनीही वाचून मान डोलावली.

पण लिहिताना माझ्या लक्षात आलं की सगळी तक्रार एकाच गोष्टीवर उभी आहे. चौकटीविना तो मजकूर टीका होता, आणि टीका करणं हा माझा हक्क. चौकट आली की ती मृत्यूची बातमी. चौकट कोणी काढली एवढं सिद्ध झालं की मी सुटलो. भैय्यालालजी म्हणाले, “आठ दिन देता हूं. उसी बोर्ड पर माफी लिखो, नहीं तो कोर्ट.” मी ताठ मानेने म्हणालो, “आठ दिवसांत मी खरा गुन्हेगार शोधून दाखवीन.”

घरी येऊन मीनलला सांगितलं. ती म्हणाली, “शोधायचं काय हाय त्यात? तो फळा कोण लिहिते, सांगा बरं.”

मी परत जाऊन फळा जवळून पाहिला. दोन रेघांमध्ये बरोबर एका बोटाचं अंतर. कोपऱ्यांत छोटे त्रिकोण. अशी चौकट मी माझ्या वडिलांच्या नावाभोवती पाहिली होती, आईच्या नावाभोवती पाहिली होती. मी काकांकडे गेलो.

काकू झोपल्या होत्या. उशाशी एका वाटीत झेंडूच्या पाकळ्या जपून ठेवल्या होत्या. काका टेबलाशी बसून आपली लाकडी पट्टी ओल्या फडक्याने पुसत होते.

“काका,” मी म्हणालो, “तुम्ही?”

“हव,” ते म्हणाले. एवढंच. मग पट्टी बाजूला ठेवली. “सकाळी पाच वाजता दूध आणाले गेलो होतो. तुयं लिहिलेलं पाहिलं. सगळं वाचलं, सतरा ओळी. चांगलं लिहिलं तू. पण कोणी वाचणार नाही, हे मले माहीत होतं. तेवीस वर्षं झाली, लोक चौकटच पाहतात.”

“पण काका, माणूस जिवंत होता!”

“त्याले काय झालं? आला ना परत.” त्यांनी काकूंकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “मी मोजलं होतं. अंत्ययात्रेचा ट्रक दहा फूट राहते. तो अडकन, अन् त्याइच्या लोकाइले एकदा तरी समजन की इथून माणूस निजलेला जाऊ शकत नाही, असं वाटलं होतं. कापून टाकतीन असं नव्हतं वाटलं. तू चौदा पेश्या केल्या निरंजन. मी चार रेघा ओढल्या.” मग ते उठले आणि चपला शोधू लागले. “चाल, ठाण्यात सांगतो मी. तुयावर कायले आळ?”

मला खूप बोलायचं होतं. खोट्या बातम्यांविषयी मी वर्षभर टीव्हीवर ओरडत होतो, आणि शहरातली त्या दिवसाची सगळ्यात मोठी खोटी बातमी माझ्याच अशिलाने पट्टी लावून आखली होती. पण तेवढ्यात काकू जाग्या झाल्या. म्हणाल्या, “निरंजन, आज तुले उचलावं नाही लागलं ना रे?” आणि इतक्या समाधानाने म्हणाल्या की माझा सगळा पुराव्याचा कायदा तिथेच संपला.

“चपला काढा काका,” मी म्हणालो. “बसा.”

आठव्या दिवशी मी फळ्यावर माफी लिहिली. ‘मी, ॲड. निरंजन, वय वर्षे ५४, धंदा वकिली...’ एवढं झालं होतं, तेव्हा काका मागून आले आणि त्यांनी बाहीने माझं वय पुसलं. “वय लिहू नको. लोक हार घेऊन येतीन.” खाली मी लिहिलं की चौकट मीच काढली, पार्षदांना झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहे. सत्तावीस वर्षांत मी पहिल्यांदा खोटं लिहिलं, आणि पहिल्यांदाच माझं लिहिलेलं सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचलं. नीलकंठराव तर चष्मा बदलून आले. बाररूममध्ये अजूनही कोणाला खोकला आला की माझ्याकडे बघून विचारतात, वकीलसाहेब, चौकट तर नाही काढली? मी चहा पीत राहतो.

मग पंधरावी पेशी आली. भैय्यालालजींच्या वकिलांनी अर्ज दिला: हुकूम जैसे थे ठेवण्याचा होता, तेव्हा कमान होती, म्हणून ती पुन्हा उभी करू द्यावी. साहेबांनी विचारलं, “हटाई किसने?”

मी उठलो. “सर, वादीने बोटही लावलं नाही. प्रतिवादींच्याच कार्यकर्त्यांनी, प्रतिवादींवरच्या प्रेमापोटी.”

“और लगाई किसकी परमिशन से थी?”

तिकडचे वकील कागद चाळू लागले. परवानगीचा कागद काही निघेना. साहेबांनी पेन उचललं: नगर निगमची, म्हणजे महापालिकेची, परवानगी दाखल होईपर्यंत, आज जागेवर जे आहे ते तसंच राहील. जैसे थे. मग सवयीने विचारलं, “अगली तारीख?”

आयुष्यभर मी तारखांच्या नावाने बोटं मोडली. त्या दिवशी मी हात जोडून म्हणालो, “सर, लंबी दीजिए. जितनी लंबी हो सके.”

संध्याकाळी टीव्ही लावला. पायल आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती. मागे गुरुवारची ॲम्ब्युलन्स सरळ आत चालली होती. “पार्षद भैय्यालाल की दरियादिली! बीमार महिला के लिए खुद कटवाया अपना स्वागतद्वार!” आणि भैय्यालालजी हात जोडून, दात दाखवत म्हणत होते, “सेवा ही मेरा धर्म है.”

मी ओरडलो, मीनल ओरडली, श्रावणीसुद्धा म्हणाली, “पापा, ये तो हद है!” मी चप्पल घातली आणि तडक फळ्याकडे गेलो. सगळं लिहिणार होतो, तारखांसकट, वयासकट, एकोणीस ओळी झाल्या तरी चालतील. काका तिथेच उभे होते, फळा पुसत. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी खिशातून पिवळ्या खडूची नवी कोरी पेटी काढली आणि माझ्या हातात दिली.

“लिही, पाहिजे तितकं लिही,” ते म्हणाले. “पांढरा मात्र मायापाशी राहू दे.”